विमानाच्या वेळेचा हिशेब चुकतो कुठे? या चुका टाळा

गुहागर-दापोलीकडे बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी आखातात आहे. सुट्टी संपत आली की ‘विमान किती तासांचं?’ हा हिशेब सुरू होतो, आणि बहुतेक वेळा तो घड्याळापाशीच चुकतो.

समजा तिकिटावर लिहिलंय, मुंबईहून पहाटे 4.00, दुबईला 5.45. वजाबाकी केली की पावणेदोन तास. पण तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. दुबई आपल्या दीड तास मागे, म्हणजे खरा प्रवास सव्वातीन तासांचा. येताना उलटं होतं. रात्री 10.00 ला सुटून 2.40 ला मुंबई, दिसायला 4 तास 40 मिनिटं, प्रत्यक्षात 3 तास 10. मस्कतही दीड तास मागे. कुवेत, कतार, सौदी अडीच तास. लंडनचं घड्याळ वर्षातून दोनदा सरकवतात, म्हणून उन्हाळ्यात फरक साडेचार तासांचा, हिवाळ्यात साडेपाचचा. आधी दोन्ही वेळा भारतीय वेळेत लिहून काढा, मगच वजाबाकी करा.

तारखेची चूक त्याहून महाग पडते. 12 तारखेचं 00.50 चं विमान म्हणजे 11 तारखेला रात्री आपण विमानतळावर हवं. आमच्या शेजारच्या काकू 12 ला संध्याकाळी मुलासाठी कोकम, आंबोशी, कुळथाचं पीठ बांधत होत्या. “बघ रे, गाडी किती वाजता काढायची?” म्हणून त्यांनी तिकीट माझ्या हातात दिलं. विमान पहाटेच दुबईला उतरलं होतं. ते काकूंना सांगताना माझी जीभ जड झाली होती.

अंतर भागिले ताशी 900 किलोमीटर, हेही करू नका. मुंबई-दुबई सरळ अंतर सुमारे 1,930 किलोमीटर, म्हणजे जेमतेम सव्वादोन तास. उरलेला वेळ धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरण्याची पाळी येणं यात जातो. शिवाय सरळ वाट मिळतेच असं नाही. दाभोळच्या धक्क्यावरून धोपावे समोर दिसतं, फेरीबोटीने काही मिनिटांत पोचतो, पण बोट बंद असली तर चिपळूणवरून वळसा. आकाशातही तसंच. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, आणि उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या बऱ्याच फेऱ्या लांबल्या. वारंही मोजा. उंचावर तो पश्चिमेकडून जोरात वाहतो, म्हणून लंडनला जायला परतीपेक्षा जास्त वेळ लागतो. आणि अंतर नॉटिकल मैलात दिलं असेल तर 1.852 ने गुणा.

विमानतळाचं नाव नीट वाचा. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन आहेत, आणि सावंतवाडीकरांना मोपा जवळ. मुंबईकडे सहारच्या जोडीला आता नवी मुंबईही आहे.

सगळ्यात बेभरवशाचा तुकडा मात्र घर ते विमानतळ हाच. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश धावतात. दरड आली की महामार्गही अडतो. जून ते सप्टेंबरमध्ये मी तरी आदल्या दिवशीची गाडी धरायला सांगतो. नवी मुंबईचं विमान असेल तर पनवेललाच उतरा, ठाणे-दादरपर्यंत जाऊ नका.