लेण्यातली ब्राह्मी वाचायचीय? मग राजापासून नको, 'दानं'पासून सुरुवात करा

कार्ल्याला गेलं की आपण सगळे काय करतो, चैत्यगृहात मान वर करून त्या दोन हजार वर्षांच्या लाकडी फासळ्या बघतो, दोनचार फोटो काढतो आणि खांबावर कोरलेल्या ओळी तशाच सोडून खाली उतरतो. ग्रुपमधला एखादा हमखास सांगतो की ही गुप्त लिपी आहे, खजिन्याचा पत्ता वगैरे. खजिना नाही हो, ही आपली जुनी ब्राह्मी लिपी, आणि बऱ्याच ठिकाणी फक्त एवढंच लिहिलंय की हा खांब कुणी दिला. आणि ते वाचायला पुरातत्त्वाची डिग्री लागत नाही, रोज अर्धा तास वही घेऊन बसलात तर दोनतीन आठवड्यांत छोटे लेख लागायला लागतात.

आधी मुळाक्षरं. सगळी एकदम पाठ करायला जाऊ नका, सोप्या आकारांपासून सुरू करा. क म्हणजे अधिकची खूण. ठ म्हणजे नुसता गोल, त्याच गोलात मधे टिंब आलं की थ. ब चौकोन. न म्हणजे आडव्या रेघेवर उभी काडी, आणि त्याच काडीला वरही आडवी रेघ मिळाली की ण. व म्हणजे खाली गोल आणि वर काडी, म म्हणजे खाली गोल आणि वर दोन शिंगं, य नांगरासारखा (शेतातला नाही, बोटीचा). प, स, ह मात्र सुरुवातीला डोकं खातात कारण तिघंही वर तोंड असलेल्या वाटीसारखे, फरक फक्त शेपटीत, ते सरावानंच जमतं. अजून एक, इंटरनेटवर मिळणारे तक्ते बहुतेक अशोककालीन असतात आणि आपल्याकडची बरीच लेणी सातवाहन काळातली, म्हणजे मधे दोनतीनशे वर्षं गेलेली. अशोकाचा र सरळ काडी, इथे तिचं खालचं टोक वळलेलं दिसतं, अशोकाचा ग टोकदार तर इथे वरून गोल झालेला. म्हणून सातवाहनकालीन तक्ता वेगळा शोधून प्रिंट काढून घ्या.

मग बाराखडी, आणि इथे आपण मराठी माणसं फायद्यात आहोत कारण पद्धत आपलीच आहे. अक्षराच्या डोक्याला उजवीकडे छोटी आडवी रेघ म्हणजे काना, डावीकडे असेल तर ए, दोन्हीकडे असेल तर ओ. वेलांटी वर उजवीकडे, उकार खाली पायाशी. अनुस्वार म्हणजे अक्षराच्या उजवीकडे टिंब. शिरोरेषा नाही आणि दोन शब्दांत जागा बहुधा नाहीच, सगळं सलग, त्यामुळे शब्द तोडायचं काम तुमचं.

आता खरी युक्ती. 1837 मध्ये कलकत्त्याच्या टांकसाळीतला जेम्स प्रिन्सेप ही लिपी उलगडायला सांचीच्या स्तूपाच्या कठड्यावरच्या छोट्या छोट्या लेखांच्या नकला बघत बसला होता आणि त्याच्या लक्षात आलं की जवळजवळ प्रत्येक लेख त्याच दोन अक्षरांनी संपतोय. त्यानं अंदाज बांधला की एवढ्या लोकांनी एकाच ठिकाणी सारखंच काहीतरी लिहिलंय म्हणजे ते दानच असणार, आणि ती दोन अक्षरं निघाली 'दानं'. तुम्हीही तेच करायचं. लेखाच्या सुरुवातीला भिडूच नका, थेट शेवटाकडे जा आणि 'दानं' किंवा 'देयधम' (म्हणजेही दानच) सापडतंय का बघा, मग तिथून उलटं मागे या. त्याच्या आधी काय दिलं ते असतं, त्याच्या आधी ज्याच्या शेवटी 'स' लागलाय ते देणाऱ्याचं नाव, कारण हा 'स' म्हणजे आपला 'चा'. आणि सुरुवातीला बऱ्याचदा गाव.

उदाहरण घ्या, कार्ल्याच्या एका खांबावर 'धेनुकाकटा यवनस सिहधयान थंभो दानं', म्हणजे धेनुकाकटच्या सिहधय नावाच्या यवनानं दिलेला खांब (इथे 'स' यवनला लागलाय, नावाला 'न', तोही 'चा'च). यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेला माणूस, नाव मात्र इथलं, सिंहध्वज, आणि दान बौद्ध लेण्याला. रोमशी व्यापार, सातवाहन, बौद्ध धर्म यावर शाळेत आपण टिपा लिहिल्या, तो सगळा चॅप्टर एका ओळीत उभा आहे राव.

वाचताना लोक अडकतात ते स्पेलिंगवर. भाषा संस्कृत नाही, प्राकृत आहे, आणि जोडाक्षर टाळलेलं असतं, म्हणजे धम्म बोलायचे पण कोरायचे 'धम', उत्तमचं 'उतम', पुत्रस्यचं 'पुतस'. संस्कृत शोधत बसलात तर लागणार नाही, आजीची मराठी जास्त उपयोगी पडेल. 'लेण' तर शिलालेखातच आहे, 'सेठि' म्हणजे शेठ, 'पोढि' म्हणजे ट्रेकर लोक अजूनही म्हणतात ती पाण्याची पोढी, कातळात खोदलेलं टाकं.

प्रत्यक्ष जाताना उजेडाचा विचार करा. समोरून फ्लॅश मारला की अक्षरं सपाट होतात, टॉर्च भिंतीला जवळजवळ समांतर, बाजूनं धरायचा, की खाचेत सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. कार्ल्याचं तोंड पश्चिमेला, म्हणून दुपारनंतर बरं, आणि रविवार नि नवरात्र टाळा, एकवीरेची गर्दी असते, खांबासमोर उभं राहू देत नाहीत. अक्षरांत खडू, पावडर, पाणी काहीही घालायचं नाही, बोटही फिरवायचं नाही, एवढं एक पाळाच. फोटो घरी आणून झूम करून कागदावर उतरवा आणि मगच छापील वाचन बघा, कार्ल्याचे लेख 'एपिग्राफिया इंडिका' या शिलालेखांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या 7 व्या खंडात आणि नाशिकचे 8 व्यात आहेत. आधी उत्तर बघितलं तर डोळे तेच वाचतात. मी पहिल्यांदा 'थंभो'चं 'ठंभो' वाचून तासभर डोकं खाजवत बसलो होतो, गोलातलं टिंब मळानं भरलं होतं.

नाणेघाटचा मोठा लेख किंवा नाशिकच्या 3 नंबरच्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा (गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा) लेख, हे नंतर, ते लांबलचक आहेत आणि पहिल्याच दिवशी हात घातलात तर सोडून द्याल. नाणेघाटात हौस म्हणून भिंतीवरच्या, झिजून गेलेल्या पुतळ्यांच्या नावपट्ट्या वाचा, 'राया सिमुक सातवाहनो' वगैरे, त्या छोट्या आहेत. तिथेच आकडेही भेटतात, 1 म्हणजे एक आडवी रेघ, 2 म्हणजे एकाखाली एक दोन, पुढे शून्य नसल्यामुळे 10, 100, 1000 ला वेगवेगळी चिन्हं.

आणि हे एवढं जमलं की जुन्नरच्या लेण्यांतला माझा लाडका लेख वाचून बघा, 'यवनस इरिलस गतान देयधम बे पोढियो'. शेवटाकडून चला. पोढियो म्हणजे पोढ्या, देयधम म्हणजे दान (इथे वस्तूच्या आधी आलंय), गतान हे बहुधा त्याच्या लोकांचं किंवा कुळाचं नाव, इरिलस म्हणजे इरिल नावाच्या यवनाचं. राहिला 'बे', त्यासाठी तक्ता उघडू नका, पहिलीत पाढे म्हटलेत ना, बे एके बे?