नाव बदललं तरी चालेल, असं भाषण करू नका

एका कार्यालयात एकाच दिवशी दोघेजण निवृत्त होत होते. शाल, श्रीफळ, मग साहेबांचं भाषण. पहिले गृहस्थ कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ आणि कार्यालयाचे आधारवड होते. दुसऱ्यांची पाळी आली तेव्हा तेही कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ आणि आधारवडच निघाले. तोवर कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. पण शेवटच्या परिच्छेदात नाव बदलायचं राहून गेलं होतं, आणि दुसऱ्यांच्या गळ्यात हार असताना साहेबांनी पहिल्यांच्याच नावाने ३४ वर्षांच्या सेवेचे आभार मानले. त्या दिवशीचा सगळ्यात मोठा हशा तोच.

मी मराठीचा शिक्षक. गावात कुणाला बोलायचं असलं की कागद माझ्याकडे येतो : ‘सर, जरा चार शब्द लिहून द्या.’ जयंती, निरोप, एकसष्टी, शोकसभा, पर्यावरण दिन, सगळं लिहून झालंय. त्यातून हाताशी राहिलेली चाचणी एवढीच : कागदावरचं नाव खोडून दुसरं घाला आणि भाषण वाचा. तरीही ते बिनबोभाट चालत असेल, तर भाषण अजून लिहूनच झालेलं नाही. खाली दिलंय ते या चाचणीत पास होण्यासाठी मी काय करतो, ते.

आधी फोन करा

लिहायला बसण्याआधी आयोजकाला चार प्रश्न विचारायचे. समोर कोण बसणार? माझ्या आधी किती जण बोलणार? मला खरोखर किती मिनिटं आहेत? आणि जेवण भाषणाआधी की नंतर? शेवटचा प्रश्न विनोद वाटेल, पण मसालेभाताचा वास सुटल्यावर सात मिनिटांचं भाषणही कुणी ऐकत नाही. तेव्हा तीन मिनिटांचंच न्यावं.

वेळेचा हिशेब शब्दांत करा. आपण सावकाश, थांबत बोललो तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. म्हणजे पाच मिनिटांसाठी पाचशे शब्द, फुलस्केपची जेमतेम दोन पानं. लोक सहा पानं लिहून आणतात आणि मग स्टेजवर ‘वेळेअभावी’ पानं उलटत बसतात.

मग शोधाशोध

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवायचा. भाषणाच्या तयारीला एक तास असेल तर चाळीस मिनिटं इथेच, लिहायला वीस पुरतात.

आमच्या शाळेतले शिपाई मामा निवृत्त होणार होते. मुख्याध्यापकांनी भाषण माझ्याकडे सोपवलं. पहिला खर्डा मी बसल्या बैठकीत लिहिला, आणि त्यात तोच आधारवड उगवला. कागद फाडला आणि खाली जाऊन झाडलोट करणाऱ्या मावशींना विचारलं, ‘मामांचं काय आठवतं?’ मावशी म्हणाल्या, ‘चांगले आहेत हो.’ हे उत्तर सगळेच देतात. त्यावर थांबायचं नाही. ‘कसे होते’ असं विचारलं की विशेषण मिळतं. ‘काय करायचे’ असं विचारलं की गोष्ट मिळते. मी विचारलं, ‘दुसरा कुठला शिपाई करणार नाही असं मामा काय करायचे?’ मावशींनी खराटा भिंतीला टेकवला आणि म्हणाल्या, ‘परीक्षेची घंटा.’

सहामाही असो की वार्षिक, पेपर संपायच्या वेळी मामा हातोडा घेऊन निघायचे, पण सरळ घंटेकडे जायचे नाहीत. व्हरांड्यातून एक चक्कर मारायचे, खिडकीतून वर्गात डोकावायचे. बरीच डोकी अजून खाली, लिहिताहेत असं दिसलं, तर चाल आणखी मंद. चांगली दोन मिनिटं उशिरा टोल पडायचा. मी त्या शाळेत एकवीस वर्षं होतो, आणि मला हे माहीत नव्हतं.

तर निदान तीन माणसांना विचारा, आणि त्यातलं एक तरी माणूस स्टेजवर न बसणारं असू द्या.

जयंतीचं भाषण : माहिती सगळ्यांना असते

जयंतीला बोलणं अवघड असतं, कारण ज्याच्याबद्दल बोलायचं तो माणूस कुणालाच भेटलेला नसतो आणि चरित्र मात्र सगळ्यांना पाठ असतं. ३ जानेवारीला, सावित्रीबाई फुल्यांच्या जयंतीला, शाळेत दहा मुली उभ्या राहतात, आणि दहाही जणी १८३१, नायगाव, भिडेवाडा, अंगावर टाकलेलं शेण आणि पिशवीतली दुसरी साडी याच क्रमाने जातात. चुकीचं काही नाही. पण चौथ्या मुलीनंतर ऐकणाऱ्यांचे कान मिटतात.

मागे एका मुलीला मी सांगितलं, सगळं चरित्र सोड, एकच दिवस घे. तिने जोतीरावांच्या अंत्ययात्रेचा प्रसंग घेतला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं, म्हणजे पुढे चालणाऱ्याच्या हातातलं मडकं, कुणी धरायचं यावरून वाद झाला. यशवंत दत्तक मुलगा, म्हणून भाऊबंदांनी हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाईंनी टिटवं स्वतःच्या हातात घेतलं आणि त्या पुढे चालू लागल्या. मुलीने आधी टिटवं म्हणजे काय ते सांगितलं, हातांनी त्या मडक्याचा आकार दाखवला, आणि मग विचारलं, ‘आपल्या गल्लीत आज अंत्ययात्रा निघाली तर पुढे कोण चालतं?’ मागच्या रांगेतले पालक एकमेकांकडे बघायला लागले. जन्मसाल तिने सांगितलंच नाही, आणि कुणाला त्याची आठवणही झाली नाही.

एक प्रसंग घ्यायचा, त्यातली एक वस्तू लोकांच्या डोळ्यांपुढे धरायची आणि मग ती आजच्या गल्लीत आणून ठेवायची. जयंतीच्या भाषणाला एवढं पुष्कळ होतं.

चालू विषय : आकडा घरचा हवा

‘पाणी हेच जीवन’ या विषयावर नववीतल्या एका मुलाला बोलायचं होतं. त्याने इंटरनेटवरून जगातल्या पाण्याची टक्केवारी उतरवून आणली होती. त्या टक्क्यांना तहान लागत नाही. त्याला म्हटलं, रात्री दहाला घरच्या गळक्या नळाखाली बादली ठेव आणि सकाळी सहाला माप. सात लिटर भरलं. आठ तासांत सात, म्हणजे दिवसाला एकवीस. शाळेत तसे गळणारे नळ चार. चौऱ्याऐंशी लिटर. त्याच्या आईचा हंडा चौदा लिटरचा. मग स्टेजवर तो एवढंच म्हणाला, ‘आपल्या शाळेतून रोज सहा हंडे पाणी मोरीत जातं. माझी आई उन्हाळ्यात सहा हंड्यांसाठी तीन खेपा करते.’ पुढच्या आठवड्यात नळांना वॉशर बसले. भाषणाने क्रांती झाली असं मी म्हणत नाही, पाच-दहा रुपयांचं वॉशर ते. पण इतकी वर्षं ते कुणी बसवलं नव्हतं.

चालू विषयावर बोलताना मत सगळ्यांकडे असतं, मोजलेलं कुणाकडेच नसतं. मोबाइलच्या व्यसनावर बोलायचं तर स्वतःच्या फोनमधला आठवड्याचा स्क्रीनचा वेळ वाचून दाखवा. लाज वाटेल. पण तुमची लाज लोक उपदेशापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकतात.

तारखा, आकडे आणि कविता तपासा

२७ फेब्रुवारीच्या बॅनरवर ‘राजभाषा दिन’ छापलेलं दर वर्षी कुठे ना कुठे दिसतं. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, तो मराठी भाषा गौरव दिन. राजभाषा दिन १ मेला. सभेत एक तरी निवृत्त शिक्षक बसलेला असतो, आणि चहाच्या वेळी तो तुम्हाला गाठतोच. मराठीला अभिजात दर्जा देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घेतला. हा विषय ताजा असल्यामुळे तारीख चुकली तर जास्तच खटकते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचा आकडा तर भाषणागणिक बदलतो : १०५, १०६, १०७. तुम्ही जो घ्याल तो कुठून घेतला हे कागदाच्या कडेला टिपून ठेवा. कुणी विचारलं तर सांगता येतं.

कवितेबद्दल मी जरा कडक आहे. व्हॉट्सॲपवर मोठ्या कवींच्या नावाने फिरणाऱ्या ओळींपैकी कितीतरी त्यांच्या नसतातच. संग्रहात स्वतः पाहिलेली ओळच वापरा, आणि तीही एक. प्रत्येक परिच्छेदानंतर चारोळी आली की ते भाषण राहत नाही, सूत्रसंचालन होतं.

बांधणी : कीर्तनकाराकडून शिका

भाषणाच्या रचनेवर पुष्कळ काही सांगितलं जातं. मला त्यासाठी सप्ताहातलं कीर्तन पुरतं. बुवा एकच अभंग निवडतात. एक चरण घेऊन अर्थ उलगडतात, दृष्टान्त देतात, हसवतात, मध्येच गावच्या सरपंचाला चिमटाही काढतात. आता भरकटले असं वाटतं, तेवढ्यात तोच चरण पुन्हा येतो आणि टाळकरी उचलून धरतात. दोन तास लोक मांडी घालून बसतात ते या परत येण्यासाठी. तुमच्या भाषणातही एकच चरण ठेवा. मामांच्या भाषणातला चरण होता, ‘मामांची घंटा.’ जे काही सांगितलं ते फिरून घंटेपाशी आलं. जे आलं नाही ते गाळलं, त्यात मामांनी पुरात वाचवलेली दप्तरंही गेली. चांगली गोष्ट होती. पण दुसऱ्या भाषणाची.

सुरुवात

‘व्यासपीठावर विराजमान सन्माननीय अध्यक्ष महोदय, प्रमुख पाहुणे, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो...’ यात वीस सेकंद जातात आणि ही यादी आधीच्या प्रत्येकाने म्हटलेली असते. पण आपल्याकडे नावं गाळली तर माणसं रुसतात, हेही खरं. मी दोन्ही सांभाळतो. पहिलं वाक्य गोष्टीचं म्हणायचं, मग थांबून अध्यक्षांना नमस्कार करायचा आणि पुढे जायचं. पाहुण्यांची नावं गोष्टीच्या ओघात घेता आली तर त्यांनाही आवडतं. जिथे आमदार-खासदार आहेत आणि क्रम ठरलेला आहे, तिथे मात्र निमूट यादी वाचावी.

‘मी काही वक्ता नाही’, ‘तयारीला वेळ मिळाला नाही’ ही वाक्यं खोडून टाका. ते लोकांना पुढच्या दोन मिनिटांत कळणारच असतं.

शोकसभा वेगळी

तीन मिनिटं, त्याहून जास्त नाही. ‘जन्माला आलेल्याला मृत्यू अटळ’ हे घरच्यांना सांगू नये, ते त्यातूनच जात असतात. ‘माझे आणि त्यांचे संबंध’ इथून सुरू झालेलं भाषण बहुतेक वेळा बोलणाऱ्याच्याच कर्तबगारीवर संपतं. घरच्यांना माहीत नसलेली एक लहानशी गोष्ट सांगा. बँकेतल्या एका कॅशियरबद्दल एकाने सांगितलं होतं, की म्हाताऱ्या पेन्शनवाल्यांना ते न मागता सुटे पैसे द्यायचे, रिक्षाला लागतात म्हणून. त्यांच्या मुलीला ते पहिल्यांदाच कळलं. कार्यक्रम संपल्यावर ती त्या माणसाजवळ बराच वेळ उभी होती.

सराव आणि माइक

मनात वाचणं म्हणजे सराव नव्हे. उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून तीनदा बोला. जीभ जिथे अडखळते ते वाक्य तुमचं नसतं, पुस्तकातलं असतं. ‘त्यांचे कार्य प्रेरणादायी ठरले आहे’ असं आपण घरी कुणाशी बोलत नाही. ते बदला. शेवटी पूर्ण भाषणाऐवजी पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर पाच-सहा शब्द मोठ्या अक्षरांत लिहा आणि तेवढंच स्टेजवर न्या. पहिलं आणि शेवटचं वाक्य मात्र पाठ हवं.

माइक तोंडापासून चार बोटं लांब, हनुवटीच्या जरा खाली. त्यावर टिचक्या मारू नका. शिट्टी आली तर माइकचं तोंड कर्ण्याकडे नाही ना ते बघा, माइकवाल्याकडे रागाने पाहून ती थांबत नाही.

शेवट

‘शेवटी एवढंच सांगतो’ असं म्हटल्यावर खरंच एवढंच सांगा. माझ्या ऐकण्यात एका वक्त्याचे शेवट चार झाले होते. चरण जिथून उचलला तिथे परत यायचं आणि बसायचं.

मामांच्या निरोपाला मुख्याध्यापक पाच मिनिटं बोलले. घंटेची गोष्ट सांगताना त्यांनी मामांकडे पाहिलं. मामांनी मान खाली घातली, चोरी पकडली गेल्यासारखी. मुलं हसली, नंतर टाळ्या थांबेनात. कागदावर पुढे दोन ओळी होत्या, त्या मुख्याध्यापकांनी वाचल्या नाहीत, बरं केलं. शाळा साडेचारला सुटते. त्या दिवशी घंटा द्यायला आठवीतला एक मुलगा उभा होता. त्याने आधी व्हरांड्यातून एक चक्कर मारली आणि चार वाजून बत्तीस मिनिटांनी टोल दिला.