ओपन सोर्स प्रकल्पात नवागताचे स्वागत कसे करावे

दोन वर्षांपूर्वी, मी सांभाळत असलेल्या मराठी मजकुराशी संबंधित एका छोट्या ओपन सोर्स प्रकल्पात अंबरनाथच्या एका विद्यार्थिनीची पहिली पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपण केलेला बदल प्रकल्पात घ्यावा अशी विनंती, आली. तिने भाषांतराच्या फाइलमधला एकच शब्द दुरुस्त केला होता. ‘दुसर्या’चे ‘दुसऱ्या’ केले होते. रिव्ह्यूच्या, म्हणजे बदल तपासण्याच्या पानावर मात्र चारशेहून अधिक ओळी बदललेल्या दिसत होत्या, कारण तिचा लॅपटॉप विंडोजचा होता आणि तिच्या एडिटरने फाइल सेव्ह करताना प्रत्येक ओळीच्या शेवटचे, डोळ्यांना न दिसणारे चिन्ह बदलून टाकले होते. मी नऊ दिवसांनी उत्तर दिले, तेही ‘सगळी फाइल का बदलली?’ एवढेच. ती पुन्हा आली नाही. ओळींच्या शेवटांचा हा गोंधळ टाळण्यासाठी गिटमध्ये, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ‘डॉट गिटॲट्रिब्यूट्स’ नावाची फाइल ठेवता येते आणि तिच्यात एक ओळ लिहिली तरी पुरते. ती ओळ लिहिण्याचे काम माझे होते.

ज्या सॉफ्टवेअरचा कोड कोणालाही वाचता, वापरता आणि बदलता येतो ते ओपन सोर्स, ही व्याख्या बहुतेकांना ठाऊक असते. परंतु परवान्याने दिलेली मुभा आणि प्रत्यक्षात मिळणारा प्रवेश यांत बरेच अंतर असते. ते कमी करण्याचे काम प्रकल्प सांभाळणाऱ्यांचे, म्हणजे मेंटेनरचे असते, आणि गोड शब्दांपेक्षा पूर्वतयारीने आणि वेळेवर दिलेल्या उत्तराने ते अधिक साधते. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

बोलावण्याआधी आपले घर तपासावे

नवागताची पहिली परीक्षा कोडची नसून सेटअपची असते. आपल्या स्वतःच्या लॅपटॉपवर सगळे सुरळीत चालते, कारण तीन वर्षांपूर्वी कधीतरी इन्स्टॉल केलेल्या दहा गोष्टी आपण विसरून गेलेलो असतो. म्हणून प्रकल्पाचे नावही न ऐकलेल्या एखाद्या व्यक्तीला कोऱ्या लॅपटॉपवर रीडमी, म्हणजे प्रकल्पाची माहिती आणि सूचना देणारी फाइल, वाचून सेटअप करायला सांगावे आणि आपण मागे बसून केवळ टिपणे काढावीत. ओठांवर आलेले उत्तर गिळणे हाच यातला अवघड भाग आहे. ती व्यक्ती जेथे अडेल तेथे तिला काही न सांगता रीडमी बदलावी. पवईच्या आयआयटीतील स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पात हीच पद्धत शिस्तीने पाळली जाते. पाठाची संहिता लिहून झाली की त्या विषयात नवख्या असलेल्या माणसाला ती देऊन तपासून घेतात, कारण काय सुटले आहे हे जाणकाराच्या नजरेला दिसत नाही.

सेटअप अर्ध्या तासात झाला पाहिजे, असा नियम स्वतःला घालून घ्यावा. माटुंग्याच्या एका महाविद्यालयात आम्ही शनिवारी दुपारी कार्यशाळा ठेवली होती. वीस-बावीस लॅपटॉप एकाच वायफायवरून तीच मोठी फाइल उतरवू लागले, आणि चार वाजेपर्यंत एकाच्याही पडद्यावर प्रकल्प उघडला नव्हता. तेव्हापासून मी लागणाऱ्या सगळ्या फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन जातो. उपाय जुनाट वाटेल, पण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवस काढणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचे मोल कळते.

अलिखित नियम लिहून काढावेत

मुंबईच्या लोकलमध्ये पहिल्यांदा चढलेल्या माणसाला कोणी सांगत नाही की दादरला उतरायचे असेल तर एक स्टेशन आधीच दाराकडे सरकायला हवे, पुढच्या माणसाला ‘दादर?’ एवढेच विचारायचे असते, आणि त्याने मान हलवली तर त्याच्याच मागे राहायचे असते. रोजच्या प्रवाशाला हा नियम आहे हेसुद्धा जाणवत नाही. नवखा मात्र परळला पोहोचतो. प्रत्येक प्रकल्पात असे नियम असतात. बदल मोठा असेल तर आधी इश्यूमध्ये, म्हणजे त्या अडचणीच्या किंवा सूचनेच्या नोंदीखाली, चर्चा करावी, एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच विषय ठेवावा, चाचण्या अमुक आज्ञेने चालवाव्यात, यांसारख्या गोष्टी ‘कॉन्ट्रिब्युटिंग’ नावाच्या फाइलमध्ये लिहाव्यात. असे प्रकल्प जेथे ठेवतात त्या गिटहब या संकेतस्थळावर ही फाइल ठेवली की नवा इश्यू किंवा पुल रिक्वेस्ट उघडणाऱ्याला तिचा दुवा आपोआप दिसतो.

या फाइलमध्ये हमखास राहून जाणाऱ्या दोन गोष्टी आहेत. उत्तर किती दिवसांत मिळेल आणि न मिळाल्यास कोणाला, कधी आठवण करावी, ही पहिली. शंका कोणत्या भाषेत विचारली तर चालते, ही दुसरी. आमच्याकडे स्पष्ट लिहिले आहे की प्रश्न मराठीत, हिंदीत किंवा मोडक्या इंग्रजीत विचारला तरी चालेल. मात्र ठरलेली गोष्ट शेवटी कोणीतरी दोन ओळींच्या इंग्रजीत इश्यूखाली नोंदवावी, म्हणजे मराठी न जाणणाऱ्या सहकाऱ्यालाही ती वाचता येईल. हे वाक्य लिहिल्यापासून आमच्याकडे प्रश्न वाढले, आणि ते वाढायलाच हवे होते.

पहिले काम विचारपूर्वक निवडावे

सोप्या इश्यूंवर ‘गुड फर्स्ट इश्यू’ हे लेबल लावण्याची प्रथा सर्वत्र आहे, पण लेबल लावल्याने काम सोपे होत नाही. काय बिघडले आहे, ते कोणत्या फाइलमध्ये आहे, दुरुस्त झाल्याचे कसे पडताळावे आणि अडल्यास कोणाला विचारावे, या चार गोष्टी इश्यूमध्ये लिहिलेल्या नसतील तर ते लेबल काढून टाकावे. असा एक इश्यू लिहायला वीस मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात आपणच ती दुरुस्ती करून मोकळे झालो असतो, हेही खरे आहे. तो मोह आवरावा, कारण अशी कामे नवागतांसाठी राखून ठेवलेली असतात.

माझ्या मते पहिले काम केवळ सोपे असून भागत नाही. ज्यात नवागताला मेंटेनरपेक्षा काहीतरी अधिक कळते असे काम सर्वांत चांगले. आमच्या प्रकल्पाचा दुसरा मेंटेनर मराठी जाणत नाही. पुढे एका मुलाने ‘र्य’ आणि ‘ऱ्य’ यांच्या घोळाची दुरुस्ती पाठवली, तेव्हा त्या मेंटेनरने साहजिकच विचारले की या दोन्हींत फरक काय आहे. त्या मुलाने उत्तरात दोनच शब्द दिले : दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे दरीचे अनेकवचन. त्याखाली त्याने समजावले की ‘दऱ्या’ या शब्दात युनिकोडमधला, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंचातला, वेगळा ‘ऱ’ वापरावा लागतो, नाहीतर संगणक ‘य’वर रफार देऊन मोकळा होतो. पंधरा मिनिटांत त्या चर्चेतला जाणकार तो होता आणि आम्ही शिकणारे. भाषांतर, टंक तपासणे, मराठी नावांचा क्रम नीट लागतो की नाही ते पाहणे, स्वस्त फोनवर ॲप चालवून बघणे, ही सगळी या प्रकारची कामे आहेत.

याउलट, रीडमीमध्ये एखादा स्वल्पविराम घालण्यासारखे काम पहिले म्हणून देऊ नये. ओपन सोर्समध्ये योगदान देण्यास उत्तेजन देणाऱ्या, ऑक्टोबर महिन्यात होणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात 2020 साली बक्षिसाच्या टी-शर्टसाठी अशा पोकळ पुल रिक्वेस्टचा इतका पूर आला की शेवटी, ज्या प्रकल्पांना भाग घ्यायचा असेल त्यांनीच तसे जाहीर करावे, असा नियम आयोजकांना करावा लागला. आकडा वाढवणारे काम माणसाला प्रकल्पाशी जोडत नाही.

‘सर, हा इश्यू मला असाइन करा’, म्हणजे माझ्या नावावर करा, हा संदेश आपल्याकडच्या प्रत्येक मेंटेनरला परिचयाचा आहे. नवोदितांना मानधन देऊन ओपन सोर्समध्ये काम देणाऱ्या गूगल समर ऑफ कोड या उपक्रमाचे अर्ज जवळ आले की असे संदेश दिवसाला दहा येतात, आणि असाइन करून घेणाऱ्यांपैकी अनेक जण नंतर दिसत नाहीत. त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही. महाविद्यालयात परवानगीशिवाय कशालाही हात लावायचा नसतो, हीच सवय त्यांना लागलेली असते. इश्यू कोणासाठीही अडवला जाणार नाही, अपुरे का असेना पण काम दाखवावे आणि ते दिसल्यावर सात दिवस तो इश्यू तुमचा राहील, असे नम्रपणे लिहावे. ‘सर’ म्हणू नका, नावाने हाक मारा, असेही सुचवावे. जमले नाही तर ‘दादा’ किंवा ‘ताई’वर तडजोड होतेच.

अठ्ठेचाळीस तासांत उत्तर द्यावे

या लेखातली एकच सूचना पाळायची असेल तर ही पाळावी. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने काही वर्षांपूर्वी आपल्या योगदानकर्त्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असे आढळले की पहिल्या कामाचा रिव्ह्यू ज्यांना अठ्ठेचाळीस तासांत मिळाला त्यांचे परत येण्याचे प्रमाण फार मोठे होते, आणि ज्यांना सात दिवसांहून अधिक थांबावे लागले त्यांच्यापैकी जवळजवळ कोणीही परतले नाही. माझे नऊ दिवस या हिशेबात कोठे बसतात, हे वेगळे सांगायला नको.

अठ्ठेचाळीस तासांत पूर्ण रिव्ह्यू द्यावा असे नाही. नोकरी करून प्रकल्प सांभाळणाऱ्याला ते शक्यही नसते. ‘तुमचे काम पाहिले, शनिवारी सकाळी नीट वाचून कळवतो’ एवढे वाक्य फोनवरून, अंधेरी ते चर्चगेट प्रवासातही लिहिता येते. मात्र तो शनिवार पाळावा.

रिव्ह्यू करताना हात आखडता घ्यावा

नवागताच्या कोडवर एका बैठकीत सतरा शेरे मारणारा मेंटेनर आपण कसून काम केले अशा समाधानात असतो, आणि समोरच्याला ते सतरा नकार वाटतात. जागा सोडणे, ओळीची लांबी, नावांची पद्धत यांसारख्या गोष्टी तपासण्याचे काम यंत्रावर सोपवावे. यंत्राने दाखवलेली चूक मनाला लागत नाही. माणसाने पहिल्या फेरीत दोन किंवा तीनच मुद्दे काढावेत, आणि जे नीट झाले आहे तेही नेमके सांगावे. ‘छान काम’ यापेक्षा ‘रिकाम्या फाइलची चाचणी तुम्ही लिहिलीत, ती आमच्या लक्षात आली नव्हती’ हे अधिक उपयोगी. दुरुस्ती आपण स्वतः करून टाकण्याची वेळ आलीच, तर कमिटमध्ये, म्हणजे गिटमधल्या त्या बदलाच्या नोंदीत, ‘को-ऑथर्ड-बाय’ ही ओळ घालून नवागताचे नाव राखावे.

अलीकडे कोड एआयकडून लिहून घेऊन पाठवणारेही असतात. संशय व्यक्त करण्यापेक्षा त्यातला एखादा बदल स्वतःच्या शब्दांत समजावून सांगायला लावावा. ज्याला शिकायचे आहे तो सांगतो, आणि ज्याला नाही त्याची पुल रिक्वेस्ट कारण लिहून बंद करावी. नकार देतानाही कारण द्यावेच. उत्तराविना महिनोन् महिने लटकलेली पुल रिक्वेस्ट ही नकाराहून वाईट असते.

सोबत करावी, पण मोजून

एका मेंटॉरने, म्हणजे मार्गदर्शकाने, एका वेळी दोघांनाच हाताशी घ्यावे आणि आठवड्यातले दोन तास ठरवून द्यावेत. गणपतीचे दिवस, सत्राच्या परीक्षा, आपल्या कार्यालयातली गडबड यांची कल्पना आधीच द्यावी. नवागत बहुधा खासगी संदेशातून प्रश्न विचारतात, कारण चारचौघांत अज्ञान उघडे पडेल असे त्यांना वाटते. पहिला प्रश्न खासगीत घ्यावा, उत्तर द्यावे, आणि पुढचा सर्वांसमोर विचारण्यास सुचवावे. त्यांचा संदेश न विचारता उचलून दुसरीकडे टाकू नये. कधीकधी आपणही सर्वांसमोर एखादा अगदी साधा प्रश्न विचारावा, त्याने वातावरण बरेच मोकळे होते.

प्रत्यक्ष भेट ठेवायची तर रविवार टाळावा, कारण मेगाब्लॉकमुळे निम्मे लोक वाटेतच अडकतात. मध्य आणि पश्चिम या दोन्ही मार्गांवरच्यांना दादर सोयीचे पडते. कार्यक्रम साडेसहापर्यंत संपवावा, म्हणजे विरारच्या आणि कर्जतच्या मुलींना घरी काय सांगावे हा प्रश्न उरत नाही. सभ्य वर्तनाचे नियम लेखी असावेत. 2014 पासून उपलब्ध असलेला ‘कॉन्ट्रिब्युटर कॉव्हेनंट’ हा मसुदा अनेक प्रकल्प वापरतात. मात्र त्यात तक्रारीसाठी किमान दोन व्यक्तींची नावे घालावीत, कारण तक्रार त्यांतल्याच एकाविरुद्ध असू शकते.

दुसऱ्या-तिसऱ्या कामानंतर जबाबदारी द्यावी

पहिली पुल रिक्वेस्ट मर्ज झाली, म्हणजे बदल प्रकल्पात सामील झाला, की मेंटॉरचे लक्ष उडते, आणि बरेच नवागत नेमके तेथेच गळतात. मर्जच्या संदेशातच पुढच्या दोन कामांचा निर्देश करावा, त्यांतले एक थोडे कठीण असावे. तीन कामे नीट झाली की गिटहबवरचा ‘ट्रायाज’ हा अधिकार द्यावा. त्याने इश्यूंना लेबले लावता येतात, पण कोडला हात लागत नाही, त्यामुळे देणाऱ्यालाही धास्ती नसते. आणि रीडमीतला सेटअपचा भाग याच व्यक्तीला नव्याने लिहायला सांगावे, कारण आपण कोठे अडलो होतो हे तिला अजून आठवत असते.

कोणी मधूनच गप्प झाले तर दोन आठवड्यांनी एक साधा निरोप पाठवावा, ‘इश्यू मोकळा करू का?’ एवढाच, आणि आठवडाभर वाट पाहून तो मोकळा करावा. नोकरी लागून कायमचे गेलेल्यांचे अधिकार काढून घ्यावेत, पण योगदानकर्त्यांच्या यादीतले नाव तसेच ठेवावे. अंबरनाथच्या त्या मुलीची दुरुस्ती मी नंतर केवळ त्या एका ओळीपुरती वेगळी काढून, तिच्याच नावाने मर्ज केली. यादीत तिचे नाव अकरावे आहे.