खेड्यातून व्यावसायिक बॉक्सिंगच्या रिंगपर्यंत: विदर्भातील मुलांनी आणि पालकांनी वाट कशी आखावी

दिवाळीच्या सुमारास कापसाची पहिली वेचणी विकली जाऊन घरात थोडे पैसे आले, की आमच्या तालुक्याच्या मैदानावर एखादा बाप आपल्या मुलाला घेऊन येतो आणि याला बॉक्सर करायला किती दिवस लागतील, असे विचारतो. मी त्याला दहा वर्षे असे उत्तर देतो, आणि त्यातली पहिली पाच वर्षे मारायला नव्हे तर मार चुकवायला शिकण्यात जातील, हेही लगेच सांगतो. हे ऐकून काही जण परत जातात. जे थांबतात, त्यांच्यासाठी हे लेखन आहे. शेतकऱ्याला जमीन विकून पीक घेता येत नाही, तसेच बॉक्सरलाही डोक्यावर मार खात मेंदू खर्च करून कारकीर्द करता येत नाही, आणि पुढची प्रत्येक सूचना या एका गोष्टीला धरून दिलेली आहे.

आधी हौशी आणि व्यावसायिक बॉक्सिंगमधला भेद समजून घ्यावा. शालेय, राज्य, आशियाई आणि ऑलिंपिक स्पर्धांत दिसते ते हौशी बॉक्सिंग असून प्रौढ गटात त्याची लढत तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असते. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये नवख्याची लढत साधारणपणे ४ फेऱ्यांची असते. पुढे ती ६, ८, १० अशी वाढत जाते आणि पुरुषांची जागतिक किताबाची लढत १२ फेऱ्यांची होते. स्त्रियांच्या लढतीत बहुतेक ठिकाणी दोन मिनिटांची फेरी आणि कमाल १० फेऱ्या, असा प्रघात आहे. पूर्वी किताबाची लढत १५ फेऱ्यांची असे. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास व्हेगास येथे दक्षिण कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या फेरीत कोसळला आणि मेंदूच्या दुखापतीने काही दिवसांत दगावला. त्यानंतर जागतिक किताब देणाऱ्या संघटनांपैकी वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने फेऱ्या १२ वर आणल्या आणि इतर संघटनाही पुढे त्याच वाटेने गेल्या. हातमोज्यांतही फरक असतो. व्यावसायिक लढतीत हलक्या वजनगटांना सहसा ८ औंसांचे, म्हणजे सुमारे २२७ ग्रॅमचे मोजे मिळतात, तर हौशी लढतीत ते किमान १० औंसांचे असतात. फेऱ्या जास्त आणि मोजे हलके असलेल्या त्या खेळात बचाव पक्का होण्याआधी उतरणे म्हणजे भांडवलच जुगाराला लावणे होय.

सुरुवात घरापासून करता येते आणि तिला फारसा खर्च लागत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाला पहिली दोन वर्षे धावणे, दोरीवरच्या उड्या, दंड-बैठका आणि पायांची हालचाल एवढेच पुरेसे आहे. धावण्यासाठी पांदण रस्ता उत्तम, कारण मातीवर गुडघे आणि घोटे सुरक्षित राहतात. पावसाळ्यात मात्र काळी माती पायाला चिकटते आणि पाय मुरगळतो, म्हणून तेवढे चार महिने पक्क्या रस्त्याच्या कडेने हळू धावावे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा धावणे सूर्योदयापूर्वी संपलेच पाहिजे आणि दुपारी कोणताही सराव घेऊ नये. उन्हात घाम गाळला की दम वाढतो, ही समजूत चुकीची आहे. त्याने फक्त उष्माघात होतो. दोरीच्या उड्या घड्याळ लावून माराव्यात: तीन मिनिटे उड्या, एक मिनिट विश्रांती, असे आधी तीन वेळा आणि वर्षभरात सहा वेळा. फेरीची लांबी अशा रीतीने शरीरात मुरते.

पंचिंग बॅग विकत आणलीच पाहिजे असे नाही. बारदान्याचे जाड पोते दुहेरी करून त्यात जुन्या कपड्यांच्या चिंध्या आणि फाटक्या गादीतला कापूस ठासून भरावा, तोंड दोरखंडाने घट्ट बांधावे आणि अंगणातल्या कडुनिंबाच्या मजबूत फांदीला ते टांगावे. वाळू भरू नये, कारण ती काही दिवसांत तळाशी बसून दगडासारखी होते आणि त्यावर पोराचे मनगट जायबंदी होते. हाताला सुमारे साडेचार मीटर लांबीची कापडी पट्टी गुंडाळल्याशिवाय बॅगेला हात लावू नये. पंजाची हाडे लहान असतात, मोडली तर वाकडी जुळतात आणि मग आयुष्यभर दुखतात. उभे राहताना डावखुऱ्या नसलेल्या मुलाने डावा पाय पुढे ठेवावा, हनुवटी खाली घ्यावी, उजवा हात गालाजवळ ठेवावा. ठोसा ज्या वेगाने जातो त्याच वेगाने तो हात परत गालापाशी आला पाहिजे. परत येणारा हात हाच पहिला बचाव आहे. या काळात भावंडांनी किंवा मित्रांनी एकमेकांना मारून शिकण्याचा प्रयत्न अजिबात करू नये.

आहाराविषयी मला कळकळीने एक सांगायचे आहे. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, फुटाणे, शेंगदाणे, अंडी आणि हिरवी भाजी एवढ्यावर चांगला बॉक्सर उभा राहतो. आपल्या शेतात सोयाबीन पिकते, पण ते पोत्यांत भरून सगळे बाजार समितीत जाते आणि पिकवणाऱ्याच्या घरातल्या वाढत्या मुलाच्या ताटात त्यातले मूठभरही पडत नाही. पायलीभर घरी ठेवावे आणि भिजवून, नीट शिजवून खावे. डब्यातली प्रोटीन पावडर टाळावी, कारण अशा उत्पादनांत बंदी असलेले द्रव्य मिसळलेले निघण्याचा धोका असतो आणि उत्तेजक चाचणीत ते सापडले तर ‘मला ठाऊक नव्हते’ या सबबीने खेळाडू सुटत नाही.

साधारण बारा-तेरा वर्षांच्या वयात खरा प्रशिक्षक गाठावा लागतो आणि त्यासाठी गाव सोडावे लागते. चौकशीची सुरुवात जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या कार्यालयातून करावी. अकोल्याची क्रीडा प्रबोधिनी बॉक्सिंगसाठी ओळखली जाते. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये सैन्याची बॉइज स्पोर्ट्स कंपनी, म्हणजे निवडक मुलांना शिक्षणासोबत खेळाचे प्रशिक्षण देणारी तुकडी आहे. तिथे लहान वयातच निवड होते, म्हणून दहावीनंतर बघू, असे म्हणत बसू नये. मुलींच्या पालकांनी नागपूरच्या अल्फिया पठाणकडे पाहावे: २०२१ मध्ये पोलंडमधील किल्से येथे ती ८१ किलोंवरील गटात युवा जगज्जेती झाली आणि २०२२ मध्ये तिने आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. ती आपल्याच विदर्भाची आहे. आपल्या सीमेपलीकडे निजामाबादची निखत झरीन २०२२ आणि २०२३ अशी दोन वर्षे जगज्जेती होती.

प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी एक संध्याकाळ बाजूला बसून सराव पाहावा. स्पॅरिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, उभी केलेली दोन मुले एका वजनाची आणि एका अनुभवाची आहेत का, डोक्याला हेडगार्ड आणि दातांत माउथगार्ड आहे का, आणि एखादे मूल डळमळले की प्रशिक्षक त्याच क्षणी थांबवतो का, या तीन गोष्टी बघाव्यात. भिंतीवरची प्रशस्तिपत्रके नंतर बघितली तरी चालतात. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका सडपातळ मुलाला, तो चपळ आहे म्हणून, त्याच्याहून आठ किलो जड मुलासमोर उभे केले होते. त्याचे नाक फुटले, दोन दिवस डोके दुखत राहिले आणि मग तो मैदानावर परत आला नाही. ती चूक पूर्णपणे माझी होती आणि त्या दिवसापासून आमच्याकडे वजनकाट्यावर उभे राहिल्याशिवाय कोणीही हातमोजे चढवत नाही.

त्यानंतरची पाच-सहा वर्षे हौशी स्पर्धांची असतात. शालेय, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढाव्यात, प्रत्येक लढतीची नोंद वहीत ठेवावी आणि प्रमाणपत्रे जपावीत. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे आणि त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते, म्हणून कागद हरवणे परवडत नाही. शिक्षण सोडू नये.

वजनाचा प्रश्न मात्र सविस्तर मांडावा लागेल, कारण आपल्याकडची बरीच मुले इथेच बिघडतात. हौशी स्पर्धेत लढतीच्या दिवशी सकाळी वजन होते, व्यावसायिक लढतीत ते बहुधा आदल्या दिवशी होते. मधल्या वेळात पाणी पिऊन वजन भरून काढता येते, या हिशेबाने खेळाडू पाच-सहा किलो पाणी शरीरातून काढतात. उन्हाळ्यात प्लास्टिकचे जॅकेट घालून धावणे, जेवण तोडणे, लघवीच्या गोळ्या घेणे, हे सगळे प्रकार मी पाहिलेले आहेत. त्या गोळ्या जागतिक उत्तेजकविरोधी यादीत बंदी असलेल्या आहेत. आणि पाणी आटलेल्या शरीराने रिंगमध्ये उतरून डोक्यावर मार घेणे तर जिवावर बेतू शकते. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये ४७.६ किलोंपासून ९०.७ किलोंच्या वरपर्यंत साधारणपणे १७ वजनगट आहेत. पोटभर जेवून, दोन महिने नीट सराव करून शरीर ज्या वजनावर आपोआप स्थिरावते, त्याच्या जवळचा गट आपला समजावा. मुलगा वाढीच्या वयात असेल तर गट वाढू द्यावा. गेल्या वर्षीच्या गटात यंदाही पदक मिळेल, या लोभाने वाढत्या हाडांना उपाशी ठेवू नये.

व्यावसायिक केव्हा व्हावे, याचे उत्तर माझ्या मते बावीस-तेवीसच्या आत नाही आणि राष्ट्रीय पातळीवर काही लढती जिंकल्याशिवाय तर नाहीच. विजेंदर सिंगने २००८ मध्ये बीजिंगला ऑलिंपिक कांस्यपदक जिंकले आणि तो २०१५ मध्ये व्यावसायिक झाला. वर्षभरातच, जुलै २०१६ मध्ये, त्याने दिल्लीत केरी होपला १० फेऱ्यांत गुणांवर हरवून डब्ल्यूबीओचा (वर्ल्ड बॉक्सिंग ऑर्गनायझेशनचा) आशिया-पॅसिफिक किताब घेतला. तो पाया पूर्वीच्या दीर्घ हौशी कारकिर्दीचा होता. सरकारी नोकरीत असलेल्याने करार करण्यापूर्वी खात्याची लेखी परवानगी घ्यावी.

व्यावसायिक लढतीसाठी नियामक संस्थेचा परवाना लागतो. परवान्याआधी रक्तातून एचआयव्ही आणि हिपॅटायटिसच्या चाचण्या, हृदयाचा आलेख, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आणि मेंदूचा स्कॅन करून घ्यावा. एखाद्या आयोजकाने यातले काही मागितले नाही, तर त्याच्याकडे लढू नये. पहिला स्कॅन जपून ठेवावा, कारण पुढच्या प्रत्येक स्कॅनची तुलना त्याच्याशी करायची असते.

पैशाचा हिशेब करारावर सही करण्याच्या आधी पाटीवर मांडावा. समजा, एका लढतीचे ५०,००० रुपये ठरले. व्यवस्थापकाचा वाटा २५ टक्के धरला तर १२,५०० गेले, प्रशिक्षकाचे १० टक्के म्हणजे ५,००० गेले, उरले ३२,५००. तयारीला दोन महिने लागले असतील तर महिन्याला १६,२५० पडतात आणि त्यातून प्रवास, तपासण्या, खुराक आणि शहरातल्या खोलीचे भाडे भागवायचे असते. वर्षाला तीन-चार लढती मिळाल्या तरी हे घर चालवण्याचे साधन नव्हे, म्हणून पहिली काही वर्षे नोकरी किंवा शेती सोबत ठेवावी. करार मराठीत समजावून घ्यावा, तालुक्याच्या वकिलाला दाखवावा आणि मुदत किती, दुखापतीचा खर्च कोणाचा, लढत रद्द झाली तर काय मिळणार, या तीन ओळी त्यात शोधाव्यात. आठ दिवसांच्या सूचनेवर परदेशात लढायला बोलावणे आले तर ते बहुधा दुसऱ्याच्या विजयांची संख्या वाढवण्यासाठी असते. विमानाचे तिकीट कितीही मोहक वाटले तरी नकार द्यावा. माइक टायसनने कोट्यवधी डॉलर मिळवूनही २००३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, त्यामुळे मोठी रक्कम मिळाली म्हणजे हिशेब संपला, असे मानू नये.

आता डोक्याविषयी. अमेरिकी डॉक्टर हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ मध्येच मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूला वारंवारच्या माराने होणाऱ्या इजेचे वर्णन केले होते. ही इजा एका मोठ्या ठोशाने होते त्यापेक्षा रोजच्या सरावात साचत जाणाऱ्या छोट्या धक्क्यांनी अधिक होते, आणि हेडगार्ड चेहरा फुटण्यापासून वाचवत असला तरी कवटीच्या आत मेंदू हलणे थांबवत नाही. त्यामुळे जोराचे स्पॅरिंग आठवड्यातून एकदाच, तेही १६ औंसांच्या मोज्यांनी आणि फक्त लढतीच्या तयारीच्या काळात करावे. इतर दिवशी ठोसा केवळ स्पर्शापुरता असावा. डोक्याच्या माराने लढत थांबवावी लागल्यास किमान ३० दिवस, आणि बेशुद्ध पडल्यास त्याहून बराच अधिक काळ, कोणताही मार घेऊ नये, आणि डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्याशिवाय परत उभे राहू नये.

खेड्यातल्या खेळाडूसाठी एक जास्तीची काळजी आहे. नागपूर, अमरावती किंवा अकोल्यात लढत अथवा कडक स्पॅरिंग झाल्यावर मुले रात्रीच्याच एस.टी.ने एकटी गावी निघतात आणि मेंदूत रक्तस्राव होत असेल तर त्याची लक्षणे वाटेत किंवा गावी पोचल्यावर दिसतात, जिथून स्कॅनची सोय शंभर किलोमीटरवर असते. डोक्याला चांगला मार बसला असेल तर ती रात्र शहरातच, सोबत जागे राहणारे माणूस ठेवून काढावी. वाढत जाणारी डोकेदुखी, उलटी, बोलताना अडखळणे, एका डोळ्याची बाहुली दुसऱ्या डोळ्याच्या बाहुलीपेक्षा मोठी दिसणे किंवा न उठणारी झोप, यातले काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

शेवटची लढत कोणती हे खेळाडूला स्वतःला कळत नाही, कारण ज्या मेंदूने ते ओळखायचे तोच थकलेला असतो. म्हणून पहिल्या व्यावसायिक लढतीच्या आधीच घरातले एक माणूस निवडावे, शक्यतो आई किंवा बायको, कारण ती रोजचे बोलणे ऐकत असते. शब्द विसरणे, चिडचिड वाढणे, हात थरथरणे असे तिला जाणवले तर तिने प्रशिक्षकाला थेट फोन करावा. तिचा नंबर आणि तिला दिलेला हा अधिकार प्रशिक्षकाकडे लिहून ठेवावा, आणि तिचा फोन आल्यावर पुढची लढत कितीही जवळ असली तरी ती रद्द करावी.