शौचाचा नमुना: एकदाच देऊन भागत नाही

जंतांचा किंवा अमिबाचा संशय असताना शौचाचा एकच रिपोर्ट 'निगेटिव्ह' आला म्हणून निर्धास्त होऊ नका. जिआर्डियासारखे परजीवी रोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नाहीत. म्हणून साधारण १० दिवसांच्या आत, एक दिवसाआड असे ३ नमुने देणे चांगले.

खरी गडबड होते ती वेळेत. पातळ शौचातले जिवंत, हलणारे अमिबा बाहेर आल्यावर लवकर मरतात आणि मग ओळखू येत नाहीत. असा नमुना अर्ध्या तासात सूक्ष्मदर्शकाखाली जायला हवा, त्यामुळे शक्यतो प्रयोगशाळेतच द्या. ते जमणार नसेल तर परिरक्षक (नमुना टिकवून ठेवणारा) द्रव घातलेली डबी आधीच मागून घ्या. घट्ट शौचाला एवढी घाई नाही. त्यातली जंतांची अंडी आणि सिस्ट (परजीवीचे कवचात बंद रूप) चिवट असतात. डबी कोरडी हवी, नमुन्यात लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नका. अलीकडे अँटिबायोटिक घेतले असेल किंवा बेरियमची तपासणी (बेरियम देऊन काढलेला पोटाचा एक्स-रे) झाली असेल तर तसे सांगा, कदाचित थांबावे लागेल.

मुलाला रात्री गुदद्वाराशी खाज सुटते? तिथे शौचाची तपासणी बहुधा फसते, कारण पिनवर्म या बारीक जंताची मादी अंडी बाहेर, त्वचेवर घालते. सकाळी उठल्या उठल्या, धुण्याआधी, पारदर्शक चिकटपट्टी तिथे दाबून काचपट्टीवर लावायची. दिसायला अगदीच घरगुती उपाय, पण हीच योग्य चाचणी.