शाळेच्या प्रयोगशाळेत या चुका टाळा

नववी-दहावीचा वर्ग प्रयोगशाळेत आला की पहिली चूक दारातच होते. सगळे एकदम आत घुसतात, दप्तरं वाटेत पडतात आणि सर ओरडू लागतात. दप्तरं बाहेर ठेवा, सूचना आधीच वर्गात सांगा. आवाज चढवून शिस्त येत नाही, कोणी कुठे उभं राहायचं हे ठरलं की येते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे आम्लाची एकच बाटली टेबलावर ठेवणं. तिथे गर्दी होते, कोपर लागतं. तीव्र आम्ल मुलांच्या हाती देऊच नका. ते स्वतः सौम्य करून प्रत्येक गटाला ड्रॉपरच्या छोट्या बाटलीत द्या. सौम्य करताना आम्ल थोडं थोडं पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. पाणी हलकं, म्हणून ते सल्फ्युरिक आम्लावर राहतं, तिथेच उकळतं आणि आम्ल घेऊन अंगावर उडतं.

बडोद्यातल्या उन्हाळ्यात पंखा बंद करायला कोणी तयार नसतं, पण पंख्याखाली स्पिरिटच्या दिव्याची ज्योत आडवी होते. उजेडात ती नीट दिसतही नाही, आणि ओढणीचं टोक जवळच असतं. म्हणून तापवण्याचे प्रयोग सकाळच्या तासाला घ्या, ओढण्या मागे बांधायला लावा. दिवा फुंकून नाही, टोपणाने विझवा. एका दिव्यावर दुसरा वाकवून पेटवू देऊ नका.

उत्तरायणानंतरच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांनंतरच्या आठवड्यात मुलांचे हात आधी बघा. मांज्याने बोटं कापलेली असतात आणि मुलं ती लपवतात. त्या जखमांवर पट्टी हवी, वर हातमोजे. हे इथल्या शिक्षकांनी विसरू नये असं मला कळकळीने वाटतं.

तास सुरू होण्याआधी नळ सोडून बघा. टाकी रिकामी असेल तर प्रयोग पुढे ढकला. भाजलं तर 20 मिनिटं वाहतं पाणी, टूथपेस्ट किंवा हळद नाही. डोळ्यात आम्ल गेलं तर निदान 15 मिनिटं पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टरकडे न्या. सोडा घालून आम्ल मारण्याचा प्रयत्न डोळ्यात करू नका.

शेवटची 10 मिनिटं आवरायला ठेवा. गरम काच आणि थंड काच सारखीच दिसते, त्यामुळे तिवई, परीक्षानळ्या निवल्यावरच उचलू द्या. फुटलेली काच कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. सफाई करणाऱ्या बेन, म्हणजे बाई, त्या डब्यात हात घालतात. काचेसाठी वेगळा पुठ्ठ्याचा खोका ठेवा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत 'काच' असं गुजरातीतही लिहा.