शटर पडल्यानंतर : हॉटेलातील तरुण कामगारांच्या व्यसनाबाबत या चुका टाळा

अठरा-वीस वर्षांचा मुलगा व्यसनाला लागला की ‘संगत वाईट’ असे म्हणून मालक मोकळे होतात, आणि पहिली चूक तिथेच होते. मुंबईतील बहुतेक हॉटेलांत संगत वेळापत्रकच ठरवते. ब्रेक शिफ्टमध्ये (दोन सत्रांत तोडलेल्या कामात) दुपारी काही तास जागेअभावी जिन्यावर काढायचे, मग मध्यरात्र उलटेपर्यंत धावपळ करायची. शटर पडते तेव्हा शेवटची लोकल गेलेली असते, पहिलीला अवकाश असतो. अंग थकलेले, डोके मात्र जागे आणि खिशात त्या रात्रीची टिप. अशा वेळी कॅप्टनने, म्हणजे वेटरांच्या मुकादमाने, पुढे केलेला ग्लास नाकारणे नव्या पोऱ्याला जमत नाही, कारण उद्याची टेबले तोच वाटणार असतो. म्हणून पहारा मुलांवर ठेवण्याआधी कॅप्टनला ताकीद द्यावी, शटर पडल्यावर लगेच गरम जेवण आणि झोपायला बरी जागा द्यावी, आणि मुलांची संमती असल्यास टिपेचा हिशेब आठवड्याने करावा.

थर्टी फर्स्टला किंवा धंदा चांगला झाला की स्टाफला बाटली बक्षीस देणे ही दुसरी चूक. महाराष्ट्रात दारूसाठी वयाची अट २५ वर्षे आणि सौम्य बिअरसाठी २१ वर्षे आहे, हे बार चालवणाऱ्यांना तरी सांगावे लागू नये.

जादा तास रेटून घेणे ही त्याहून मोठी चूक आहे. ठरावीक संख्येहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू असलेल्या २०१७ च्या राज्य कायद्यानुसार दिवसाच्या तासांवर मर्यादा, सलग कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि आठवड्याची सुट्टी बंधनकारक आहे. ती न मिळालेला मुलगा उभे राहण्यासाठी काहीतरी शोधतो. तोंडाचा वास घेऊन तपासणाऱ्यांना एमडी (मेफेड्रोन, झोप उडवणारा अमली पदार्थ) सापडत नाही. भूक मरणे, दोन रात्री जागून मग दिवसभर निपचित पडणे, जबडा आवळणे आणि वारंवार उचल मागणे या खुणा दिसल्यास आरोप न करता बाजूला घेऊन विचारावे.

सर्वांत घातक चूक चांगल्या हेतूने होते : रोज पिणाऱ्या मुलाची दारू एका दिवसात तोडून त्याला गावी जाणाऱ्या गाडीत बसवणे. दारू अचानक थांबल्यावर काही तासांत हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊन जीवावर बेतू शकते. म्हणजे उत्तर प्रदेशाकडे निघालेल्या मुलाला हे सारे जनरल डब्यात, ओळखीचे कोणी नसताना सोसावे लागेल. आधी डॉक्टर, मग गाव.

पोलिसांच्या भीतीने प्रकरण दडपू नये. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यातील कलम ६४अ नुसार, स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या वा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेतले जाऊ शकते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ हे क्रमांक भटारखान्यात, मालकाच्या गल्ल्यापासून लांब लावावेत आणि उपचारानंतर काम परत मिळेल हे मुलाला त्याच्या भाषेत आधीच सांगावे, कारण नोकरी जाईल या धास्तीपोटी अनेक जण फोन करत नाहीत.